माणसाचा हात, घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख: समजात अवयवांचा पुरावा गोल गोल फिरतो का?

खडू_फळा

नमस्कार. मी दहावीला विज्ञान शिकवते. उत्क्रांतीच्या धड्यातलं ते चित्र सगळ्यांना आठवत असेल: माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, आणि चारही ठिकाणी तीच हाडं दाखवलेली. ते शिकवत असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, समान पूर्वजापासून आल्यामुळे ज्यांची रचना सारखी असते ते समजात अवयव, असं तुम्ही व्याख्येत सांगितलंत. मग समजात अवयव आहेत म्हणून पूर्वज समान होता, हा पुरावा कसा झाला? पूर्वज तर आपण व्याख्येतच धरून चाललोय."

मला तिचं म्हणणं बिनतोड वाटलं. 'पुस्तकात दिलंय म्हणून' असं उत्तर मला तिला द्यायचं नाही. त्याच ओघात माझ्याही मनात दोन शंका आल्या. घोड्याच्या पायात एकच बोट उरलंय आणि देवमाशाच्या परात कोपर हलतसुद्धा नाही, मग अमुक हाड म्हणजे आपलं तमुक हाड, हे ठरवतात कसं? रंग भरून दाखवणं सोपं आहे, पण तो रंग कुठे भरायचा हे कोणी आणि कशावरून ठरवलं? आणि पक्ष्याचा पंख व वटवाघळाचा पंख ही जोडी एका पुस्तकात समजात म्हणून येते, तर दुसऱ्यात नेमकी उलट, कार्यसदृश अवयवांचं, म्हणजे काम सारखं पण मूळ वेगळं अशा अवयवांचं उदाहरण म्हणून. खरं काय?

या विषयात प्रत्यक्ष हात घातलेल्या कोणी लिहिलं तर फार बरं होईल.

अस्थिशाळा

मॅडम, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी जनावरांचं शरीररचनाशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली. हाच प्रश्न शास्त्रज्ञांनीही एकमेकांना विचारलेला आहे, आणि तो विचारल्याशिवाय या विषयात खोलवर जाताच येत नाही.

उत्तराची किल्ली इतिहासात आहे. सारखेपणा आधी दिसला, त्याचं कारण पुष्कळ नंतर सापडलं.

१५५५ साली पियेर बेलाँ या फ्रेंच माणसाने पक्ष्यांवरच्या ग्रंथात माणसाचा सांगाडा आणि पक्ष्याचा सांगाडा शेजारी शेजारी छापला आणि दोन्हींतल्या जुळणाऱ्या हाडांना तीच अक्षरं दिली. डार्विनच्या ग्रंथाला तेव्हा तीनशे वर्षं अवकाश होता. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोफ्र्वा सँ-तिलेर याने जुळणी करायची कसोटी सांगितली: हाडाचा आकार बघू नका, त्याचं काम बघू नका, ते कुणाकुणाला जोडलेलं आहे ते बघा. हाड झिजेल, वाढेल, शेजारच्याशी एकजीव होईल, पार नाहीसंही होईल, पण शेजाऱ्यांना ओलांडून भलतीकडे जाऊन बसणार नाही. १८४३ मध्ये रिचर्ड ओवेन याने समजात अवयवाची व्याख्या केली. तिचा आशय असा, की वेगवेगळ्या प्राण्यांत कोणत्याही रूपात आणि कोणत्याही कामाला लावलेला तोच अवयव. या व्याख्येत पूर्वजाचा उल्लेखही नाही. ओवेनच्या मते हा सारखेपणा एका आदर्श आराखड्यातून येत होता. डार्विनचा सिद्धान्त आल्यावर तर तो त्याचा कडवा टीकाकार झाला.

म्हणजे समान पूर्वजाच्या कल्पनेचा आधार न घेताच ही हाडं एकेक करून जुळवून ठेवलेली होती. १८५९ मध्ये डार्विनने विचारलं, की पकडणारा माणसाचा हात, माती उकरणारा मोलचा (जमिनीखाली राहणाऱ्या एका छोट्या सस्तनाचा) पंजा, घोड्याचा पाय, पॉर्पॉइजचा (डॉल्फिनसारख्या सागरी सस्तनाचा) पर आणि वटवाघळाचा पंख हे सगळं एकाच घाटावर का? आणि उत्तर दिलं: एकाच पूर्वजाकडून आलेल्या रचनेत थोडे थोडे बदल होत गेले म्हणून. ते उत्तर इतकं पटलं, की पुढे पाठ्यपुस्तकांनी कारणच व्याख्येत घालून टाकलं. तुमच्या विद्यार्थिनीला दिसलेलं वर्तुळ त्या घाईतून आलंय. केपलरने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे १६०९ मध्ये निरीक्षणांवरून दाखवलं आणि न्यूटनने त्याचं कारण १६८७ मध्ये दिलं. उद्या कोणी 'गुरुत्वाकर्षणामुळे होते ती कक्षा' अशी व्याख्या करून कक्षांवरून गुरुत्वाकर्षण सिद्ध करायला निघाला, तर त्यालाही ही मुलगी अडवेल. त्याने केपलरने दाखवलेल्या कक्षा मात्र खोट्या ठरत नाहीत.

म्हणून वर्गात व्याख्या दोन पायऱ्यांत सांगा. आधी फक्त 'जागा आणि जोडण्या सारख्या असलेले अवयव'. मग 'असं का?' हा प्रश्न. समान पूर्वज हे त्याचं उत्तर, आणि ते उत्तर बरोबर आहे का हे तपासायला हाडांच्या बाहेरचे साक्षीदार लागतात: जीवाश्म, गर्भाची वाढ, डीएनए.

आता दुसरी शंका, रंग कुठे भरायचा. इथे थोडा लांबेन, कारण माझा जीव यातच रमतो.

घोड्याचा पुढचा पाय घ्या. लोक ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतात ते त्याचं मनगट. ओळखायचं कसं? खांद्यापासून खाली या. खांद्याच्या फऱ्याला जोडलेलं एक हाड, तो दंड. त्याच्या खाली दोन हाडं. घोड्यात ती एकमेकांना जुळून गेलेली असतात, पण मागच्या हाडाचं कोपराचं टोक स्पष्ट वर आलेलं दिसतं. त्याच्या खाली दोन ओळींत बसलेली लहान लहान हाडं. दोन ओळींतल्या लहान हाडांचा हा जुडगा म्हणजे मनगट, माणसात असो वा घोड्यात. मग त्याखालचं नळीचं लांब हाड म्हणजे तळहाताचं हाड, आणि खूर म्हणजे नख. घोडा चारही पायांवर एकेका बोटाच्या शेंड्यावर उभा असतो.

ते एक बोट कितवं? नळीच्या हाडाच्या मागच्या बाजूला दोन सडपातळ हाडं चिकटलेली असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. वरचं टोक जाड, चांगलं सांधा असलेलं, मनगटाच्या हाडांशी रीतसर बसणारं. तिथून ती निमुळती होत खाली येतात आणि नळीच्या हाडाची खालची हद्द यायच्या आधीच मुगाएवढ्या गाठीत संपतात. पुढे काही नाही, बोट नाही, सांधा नाही. विद्यार्थ्याच्या बोटाला ती गाठ लावून मी विचारायचो, "याच्या पुढे काय जोडलं असेल?" ही दुसऱ्या आणि चौथ्या बोटाची तळहातातली हाडं आहेत. त्यांच्या वर मनगटातली नेमकी तीच हाडं येतात जी आपल्या मनगटात दुसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या वर असतात. मधलं ते तिसरं. आणि जीवाश्मांत साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या मेसोहिप्पस या घोड्याच्या जुन्या नातलगाच्या पायाला ही बाजूची बोटं पुरी आहेत, लहानशा खुरांसकट. साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या घोडावर्गीय प्राण्यांच्या पुढच्या पायाला तर चार बोटं होती.

गाय घेतली तर गोष्ट वेगळी, पण पद्धत तीच. गाईचं नळीचं हाड वरवर एक दिसतं. त्याच्या दर्शनी बाजूवर मधोमध वरून खाली एक चर गेलेली असते, आणि खालच्या टोकाला मध्ये खाच व दोन बाजूंना दोन गोल सांधे. ते हाड आडवं कापलं तर आतल्या पोकळीत उभा पडदा सापडतो, बऱ्याचदा अर्धवट. गर्भातल्या वासराचा पाय तपासला तर तिथे सरळ दोन स्वतंत्र हाडं असतात, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची. ती पुढे एकमेकांत मिसळतात. मोठ्या जनावराच्या हाडावरची चर आणि आतला पडदा या त्या मिलनाच्या खुणा.

देवमाशाच्या परात दंडाचं हाड आखूड आणि जाडजूड, पुढची दोन चपटी, कोपर गोठलेलं. आणि बोटांत आपल्यासारखी तीन-तीन पेरं न राहता काही जातींत एकाच बोटात दहाहून अधिक पेरं. आकारावर गेलात तर हे वल्हं आहे आणि त्याचा हाताशी काही संबंध नाही असंच म्हणाल. वरून खाली मोजत या: एक, दोन, लहान हाडांचा जुडगा, मग बोटं.

तिसऱ्या शंकेचं उत्तर: दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, प्रश्न अर्धा विचारलाय. पुढचा पाय म्हणून पक्ष्याचा आणि वटवाघळाचा पंख समजात आहेत. पंख म्हणून नाहीत. वटवाघळाचा पंख उजेडासमोर धरला तर पातळ कातडीतून लांबलचक चार बोटं छत्र धरल्यासारखी दिसतात आणि अंगठा मोकळा, नखासकट बाहेर. पक्ष्याच्या पंखात बोटं कमी झालीत आणि तळहात-मनगटाची हाडं एकजीव. उडायचा पृष्ठभाग पिसांचा, आणि मोठ्या पिसांची एक रांग कोपरापुढच्या मागच्या हाडाला धरून असते, म्हणून त्यांच्यात ते हाड पुढच्यापेक्षा जाड. टेरोसॉर या डायनोसॉरच्या काळातल्या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांनी तिसरीच वाट धरली होती: एकटं चौथं बोट अतोनात लांबवून त्यावर पडदा ताणला. तीन वेळा उडणं आलं, तिन्ही वेळा त्याच हाताचं वेगवेगळं काहीतरी करून. पक्षी आणि वटवाघूळ यांचा शेवटचा समान पूर्वज तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, जमिनीवर चार पायांनी चालणारा. त्याला हात होता, पंख नव्हता.

कान_नाक_घसा

अस्थिशाळा सरांनी हाडं सांगितली, मी त्यात एक मज्जातंतू घालतो. मी घशाच्या शस्त्रक्रिया करतो आणि थायरॉईडच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत या तंतूला जपावं लागतं, कारण तो दुखावला की आवाज बसतो.

स्वरयंत्राकडे जाणारा हा तंतू मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस या मोठ्या तंतूची शाखा आहे. मेंदूकडून घशापर्यंत सरळ यायला त्याला फार अंतर नाही. पण डाव्या बाजूची शाखा आधी छातीत उतरते, हृदयाजवळ महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा वर मानेत येते. उजवी शाखा हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालते. वाटेत ती अन्ननलिका आणि श्वासनलिकेला बारीक फांद्या देते हे खरं, पण त्यासाठी छातीपर्यंत जायची गरज नव्हती. जिराफात हाच तंतू तसाच छातीत उतरून परत वर जातो, आणि प्रवास चार मीटरच्या वर भरतो.

कारण माशात दिसतं. माशाचं हृदय कल्ल्यांच्या अगदी जवळ असतं. कल्ल्यांच्या कमानींतून रक्तवाहिन्या जातात आणि त्यांच्या मागून त्या त्या कमानीचे तंतू सरळ जातात, कुठेही वळसा नाही. आपल्या गर्भातही सुरुवातीला घशापाशी तशाच कमानी आणि तशाच रक्तवाहिन्या तयार होतात. मग मान लांबते, हृदय खाली छातीत सरकतं, आणि रक्तवाहिनीच्या पलीकडून गेलेला तंतू तिच्यासोबत खाली ओढला जातो.

हे नुसतं कल्पनेने जुळवलेलं नाही, याची पावती शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळते. शंभरात एकाहून कमी माणसांत उजव्या हाताची धमनी वेगळ्याच वाटेने तयार झालेली असते. गर्भात उजवीकडची ती कमान टिकलेलीच नसते. अशा माणसात उजवा तंतू वळसा घालत नाही. तो व्हेगसमधून निघून आडवा, थेट स्वरयंत्रात शिरतो, आणि त्या माणसाचा आवाज अगदी ठणठणीत असतो. ओढून नेणारी दोरी नव्हती, म्हणून तो खाली गेला नाही. सर्जनला हे माहीत नसेल तर तो नेहमीच्या जागी तंतू शोधत राहतो आणि भलत्या जागी असलेला कापला जायचा धोका असतो. म्हणून हे आम्ही पुढच्या पिढीला कळकळीने शिकवतो.

छातीतल्या आजाराने आवाज बसतो तो यामुळेच. हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगून त्या भागातला तंतू दाबला गेल्याने आवाज घोगरा झालेले रुग्ण ऑर्टनर या डॉक्टरने १८९७ मध्ये नोंदवले. घोगरा आवाज घेऊन आलेल्या माणसाच्या छातीचा फोटो काढायला आम्ही सांगतो, तेव्हा तो चकित होतो.

आणि मॅडम, मुलांना कानातली तीन हाडं शिकवत असालच: हातोडी, ऐरण, रिकीब. यातल्या हातोडी आणि ऐरणीची जुळणी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातल्या दोन हाडांशी लागते. १८३७ मध्ये रायखर्टने गर्भांचा अभ्यास करून हे सांगितलं, तेही डार्विनच्या आधी. माणसाच्या गर्भात खालच्या जबड्याची पहिली कूर्चा आणि हातोडी सलग असतात. कांगारूच्या कुळातली पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांची ही हाडं अजून खालच्या जबड्याला चिकटलेली असतात आणि पुढे सुटून कानात स्थिरावतात. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन या सस्तनांच्या आदिम नातलगाच्या जबड्याला तर एकाच वेळी दोन सांधे होते, एक जुना सरपटणाऱ्यांचा आणि एक नवा सस्तनांचा, शेजारी शेजारी. हे वाचलं तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर होतो, आणि कानाच्या सूक्ष्मदर्शकातून त्या इवल्या हाडांकडे बघायची माझी नजर कायमची बदलली.

तटस्थ_वाचक

सगळं वाचलं, आवडलं. तरी एक प्रामाणिक शंका. एखादा चांगला रचनाकार एकच उत्तम आराखडा पुन्हा पुन्हा वापरेल, असं का म्हणू नये? सारखी हाडं दोन्ही तऱ्हेने समजावता येतात. मग पूर्वजाची बाजू वरचढ का?

अस्थिशाळा

रास्त शंका आहे, आणि ओवेनचं म्हणणं याच्या जवळपासच होतं. माझ्या मते निकाल तीन जागी लागतो.

पहिली जागा, सारखेपणा कशाच्या मागे जातो ते पाहा. कामासाठी आराखडा वापरला असता तर सारख्या कामाला सारखी रचना मिळायला हवी होती. उडणाऱ्या तिघांना एकच उत्तम पंख मिळायला हवा होता. प्रत्यक्षात वटवाघळाचा हात पक्ष्याच्या पंखापेक्षा माती उकरणाऱ्या मोलच्या पंजाशी जास्त जुळतो. एक हवेत, एक जमिनीखाली, पण दोघंही सस्तन. मानेचे मणके घ्या: जिराफात सात, माणसात सात, आणि मान जवळपास नसलेल्या देवमाशातही सातच, काही जातींत एकमेकांत गोठलेले. झाडावरचा संथ स्लॉथ आणि पाण्यातला मॅनेटी असे मोजके अपवाद सोडले तर सस्तनांत हा आकडा मोडत नाही. हंसाला मात्र लांब मानेसाठी वीसहून जास्त मणके आहेत. लांब मानेला जास्त मणके सोयीचे असतील तर जिराफाला का मिळाले नाहीत? सस्तन घराण्यातला म्हणून. डॉक्टरांनी सांगितलेला तंतूही त्याच वर्गातला.

दुसरी जागा, डोळे. आपला डोळा आणि ऑक्टोपसचा डोळा, दोन्हींत भिंग, दोन्हींत पडदा, वरवर जुळे भाऊ. आत पाहिलं तर आपल्या दृष्टिपटलात तंतू प्रकाशाच्या बाजूने पसरतात आणि एका जागी भोक पाडून मागे जातात, म्हणून आपल्याला अंधबिंदू आहे. ऑक्टोपसचे तंतू मागूनच निघतात, त्याला अंधबिंदू नाही. मासा, बेडूक, कावळा, माणूस, सगळ्या पृष्ठवंशीयांत मात्र आपलीच मांडणी. समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या माशाचा डोळा तिथल्याच ऑक्टोपससारखा न होता झाडावरच्या कावळ्यासारखा आहे.

तिसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: आधी सांगून मग सापडणं. 'रचनाकाराने तसं केलं' हे काहीही सापडलं तरी म्हणता येतं. समान पूर्वज मात्र अडकून पडतो. काय सापडायला हवं, कुठे आणि किती जुन्या खडकात, हे त्याला आधी सांगावं लागतं. अडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पर असलेले मासे माहीत होते, साडेछत्तीस कोटींच्या खडकांत बोटं असलेला अकँथोस्टेगा माहीत होता. नील शूबिन आणि सहकाऱ्यांनी दोन्हींच्या मधल्या वयाचे, उथळ पाण्यातल्या गाळाचे खडक नकाशावर शोधले, कॅनडाच्या उत्तरेला एल्समेर बेटावर वर्षानुवर्षं खेपा घातल्या, आणि २००४ मध्ये त्यांना टिक्टालिक मिळाला. २००६ मध्ये तो जगापुढे आला. खवले आणि कल्ले माशाचे. पण पराच्या आत दंडाचं एक हाड, पुढे दोन, पुढे मनगटासारखी लहान हाडं. बोटं अजून नाहीत. अकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटं होती, म्हणजे पाच हा आकडासुद्धा मागाहून पक्का झाला.

देवमाशाचं तर याहून सुंदर. १९९० च्या दशकात डीएनएचा अभ्यास करणारे सांगू लागले, की देवमासा पाणघोड्याच्या सगळ्यात जवळचा, म्हणजे गाय-डुक्कर-हरणांच्या समखुरी गटातला. जीवाश्मांचे अभ्यासक तेव्हा त्याचं मूळ दुसऱ्याच एका गटात शोधत होते. समखुरींची एक सही आहे: घोट्यातलं एक हाड, ज्याला वर आणि खाली दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असते. कुत्र्याच्या आणि घोड्याच्या त्याच हाडाला ती फक्त वर असते. आजच्या देवमाशाला मागचा पायच नाही, मग घोटा कुठून तपासणार? २००१ मध्ये पाकिस्तानातून दोन वेगवेगळ्या चमूंनी पाय असलेल्या आदिम देवमाशांचे जीवाश्म प्रसिद्ध केले. घोट्याचं हाड मिळालं, आणि दोन्ही टोकांना कप्पी होती. प्रयोगशाळेतला डीएनए आणि खडकातलं हाड, एकमेकांना न विचारता एकच नाव सांगत होते. तुमच्या विद्यार्थिनीला वर्तुळ तुटलेलं बघायचं असेल तर ते इथे तुटतं.

बोकडाचं, म्हशीचं ते हाड मी कित्येकदा हातात फिरवलंय. अंगठा वरच्या खोबणीत, तर्जनी खालच्या. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला न बघता ओळखायला लावायचो, आणि हे हाड कोणीच चुकत नसे. इतकी ठसठशीत खूण आहे ती.

एक भर घालतो, कारण यात सगळं सुतासारखं सरळ नाही. १९९५ मध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराचं पॅक्स-६ हे जनुक फळमाशीच्या पायाच्या पेशींत चालू केलं, तर तिथे डोळ्याच्या रचना उगवल्या, त्याही माशीच्याच, उंदराच्या नव्हे. म्हणजे डोळे वेगवेगळे घडले तरी 'इथे डोळा घडव' सांगणारं जुनं जनुक दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलंय. अवयव समजात नसेल, तरी त्यामागची सूचना समजात असू शकते. कोणत्या पातळीवर बोलतोय हे दर वेळी सांगावं लागतं, पंखाच्या बाबतीत सांगितलं तसंच.

तटस्थ_वाचक

घोट्याच्या हाडाचं उदाहरण मला निर्णायक वाटलं. आधी सांगितलं आणि मग सापडलं, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. आभार.

खडू_फळा

अस्थिशाळा सर, डॉक्टर, किती आभार मानू? व्याख्या दोन पायऱ्यांत करायची हे पक्कं. मला आता मुलांकडून ही जुळणी करवून घ्यायची आहे. प्राण्यांची नावं न देता नुसत्या हाडांची रेखाचित्रं वाटायची आणि जुळणारी हाडं एका रंगाने रंगवायला सांगायची, असं डोक्यात आहे. पूर्वजाचा उल्लेख त्या तासाला करणारच नाही. सर, यात मुलं कुठे अडतील? आणि चित्रं कोणती घेऊ?

अस्थिशाळा

मॅडम, फार चांगली योजना. मुलं बोटांपाशी अडतील, कारण ती तिथूनच सुरुवात करतात. डोळा आधी तिकडेच जातो. बोटं सगळ्यात जास्त बदललेली असतात, तिथून निघालं की घोड्याचा खूर आणि माणसाचा पंजा यांची सांगड बसतच नाही. त्यांना खांद्याकडून निघायला सांगा. फरा, मग एकटं हाड, मग जोडी, मग लहान हाडांचा जुडगा. जुडगा सापडला की पुढचं आपोआप लागतं.

चित्रं माणूस, वटवाघूळ, देवमासा, घोडा अशी घ्या, आणि पक्षी शेवटी द्या. त्यात मनगट-तळहात एकजीव झाल्याने जुडगा नीट दिसत नाही, त्यावर वाद होऊ द्या. चित्रं एकाच मापात काढू नका. सगळी एकाच उंचीची केली की मुलं लांबीवरून जुळवू लागतात. घोड्याच्या चित्रात मागची ती दोन सडपातळ हाडं नक्की दाखवा. पुष्कळ पुस्तकांतली चित्रं ती गाळतात. एखादं मूल विचारेल, "ही कशाला रंगवू, याला तर पुढे काहीच नाही?" त्याला मनगटाकडचं टोक कुणाला टेकलंय ते बघायला सांगा आणि रंग त्यालाच निवडू द्या.

आणि जमलं तर सहावं चित्र टिक्टालिकच्या पराचं द्या, नाव न सांगता, बाकी पाच रंगवून झाल्यावर.